एक दार पुढे

आमच्या अण्णांनी एकोणतीस वर्षं एसटी चालवली आणि एकाही प्रवाशाला गटारात उतरवलं नाही. ते काम त्यांनी निवृत्तीनंतर, रत्नागिरीतल्या आमच्या हॉलमध्ये, खुर्चीत बसून केलं.

दोष माझा. मी कॉलेजात संगणक शिकवतो. (शिकवणाऱ्याला येतंच असं नाही.) वडिलांचा वेळ जावा म्हणून मी बस चालवायचा गेम आणला, सोबत स्टिअरिंग आणि पेडलं. अण्णांना बारीक दिसत नाही, म्हणून संगणक मोठ्या टीव्हीला जोडला आणि गेममधलं जे जे सुंदर करता येतं ते सगळं शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलं. डबक्यात ढगसुद्धा दिसत होते! अण्णा खूश. मग त्यांनी पहिल्या थांब्यावर ब्रेक मारला, बस थांबा ओलांडून गेली आणि दार उघडलं ते थेट गटारावर.

"ब्रेक उशिरा लागतो रे," अण्णा म्हणाले.

"गेमच्या ब्रेकला काय होणार, अण्णा? वयाचं असेल. होईल सवय."

माझी जीभ तेव्हाच झडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस अण्णा मुकाट्याने माणसं गटारात उतरवत राहिले आणि तिसऱ्या सकाळी खऱ्या गाडीची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"पाय मंदावला माझा. रविवारी आईला खेडला तूच ने."

खेडला मावशी असते. आई तिच्याकडे जायला महिनाभर वाट बघते. तिने माझ्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको गो बाई. मी फोनवरच बोलेन तिच्याशी."

अण्णा मात्र हसले नाहीत. उजव्या पावलाकडे बघत बसले. मला फार वाईट वाटलं, आणि त्याबरोबर एक किडाही डोक्यात शिरला: समजा, अण्णांचं खरं असेल तर? इतकं सुंदर चित्र काढता काढता संगणकच दमत असेल तर?

मी सावल्या काढल्या. अण्णांनी ब्रेक मारला. बस पुढे. डबक्यातले ढग काढले. बस पुढे. मग झाडं विरळ केली.

"झाडं कोणी तोडली?" सुकट निवडत बसलेल्या आईने विचारलं.

"बस हलकी करतोय."

"मग माणसं उतरव की मेल्या."

माणसंही गेलीच म्हणायची. सगळं तळाला नेल्यावर प्रवाशांना चेहरे उरले नाहीत, नुसते खोके चढत-उतरत होते. चित्र आता भराभर पळत होतं, पण ब्रेक? जरासा सुधारला, इतकंच. मग चित्र फाटू नये म्हणून असते ती सोयही बंद केली. रस्ता मधोमध चिरल्यासारखा दिसू लागला.

"आता वाटतो आपल्याकडचा हायवे," अण्णा म्हणाले. आणि बस पुन्हा गटारावर.

मी हात टेकले. तेव्हा आई सुकटीतून मान वर न करता म्हणाली, "बस दर वेळी एका दाराएवढीच पुढे जाते रे."

"म्हणजे?"

"म्हणजे चुकणारा माणूस कधी अलीकडे चुकतो, कधी पलीकडे. माझं मीठ काय रोज सारखंच चुकतं?"

मी उभाच राहिलो. पाय ठीक, संगणक ठीक. मग पाय आणि डोळे यांच्यामध्ये उरलं काय? टीव्ही! मी त्याची सेटिंग उघडली. हे महाशय प्रत्येक चित्र आधी स्वतःशी घोटत, मऊ करत आणि मग आम्हाला दाखवत. अण्णा ब्रेक वेळेवरच मारत होते, दिसत शिळं होतं. मी घोटणं बंद करून टीव्हीला 'गेम मोड'वर टाकलं.

अण्णांनी ब्रेक मारला. दार बरोबर थांब्यासमोर उघडलं आणि खोके कोरड्या पायांनी उतरले. पुढच्या चार थांब्यांवरही तेच. मी झाडं परत लावली, थोड्या सावल्या दिल्या, प्रवाशांना नाकडोळे दिले. तरी बस थांबा ओलांडून गेली नाही. अण्णांनी हात पुढे केला. मी किल्ली दिली.

रविवारी मी मागच्या सीटवर होतो. परशुराम घाटात अण्णांनी विचारलं, "तो टीव्ही किती उशीर करत होता?"

"सेकंदाचा पाचवा भाग असेल."

"आणि तेवढं समजायला संगणकाच्या सरांना तीन दिवस?"

याला सडेतोड उत्तर द्यायचं मी ठरवलं. ते सुचलं तेव्हा भोस्ते घाट उतरून खेड आलं होतं आणि आई मावशीच्या दारात पोचली होती.