खडूची खूण

उपग्रहाच्या फोटोंवरून जंगलात किती लाकूड आहे, याचा अंदाज बांधणं हे माझं काम. तो पडताळायला कोंडाण्याच्या रानात काही झाडांचे घेर टेपने मोजावे लागतात. टेपचं दुसरं टोक धरायला गावातला एक म्हातारा यायचा, उंचीला जेमतेम माझ्या खांद्याएवढा.

मोजण्याआधी तो प्रत्येक झाडाला मिठी मारायचा, खोडाला कान लावायचा आणि मगच खडूने खूण करायचा. एखाद्या झाडापाशी मात्र खडू गुपचूप खिशात टाकायचा.

"ह्ये नको, सायेब. आतनं खाल्लंय."

मी चिडायचो. फोटोत शेंडा हिरवागार, टेपवर घेर भक्कम, आणि याला म्हणे कानाने कळतं! ते झाड मी हट्टाने मोजणीत घ्यायचोच. पुढच्या खेपेला ते आडवं पडलेलं असायचं.

काम संपलं त्या दिवशी शेवटच्या झाडावर खूण करून तो वळला आणि त्याने मला कडकडून मिठी मारली. मला बरं वाटलं. मग जाणवलं, त्याचा कान माझ्या छातीला टेकलाय.

"काय झालं, बाबा?"

"काय नाय, सायेब," म्हणत त्याने खडू खिशात टाकला.