ढोलेभाऊंचे चौदा स्विच

कोणत्याही कारखान्यात शिरले की ढोलेभाऊ नमस्काराच्या आधी विचारायचे, "हे शेवटचं बंद कधी केलतं?" समोरचा माणूस गोंधळून जायचा. उत्तर मिळालं की मगच ते हात जोडायचे. "राम राम जी. माणसाची तब्येत मागून इचारू, त्याले घाई नसते."

मी तेव्हा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात संगणक विभागाचा प्रमुख होतो. आमच्याकडे नेटवर्कचे सव्वीस स्विच होते. गेटवरच्या वजनकाट्यापासून हजेरीच्या मशीनपर्यंत सगळं ज्यांच्यामार्फत जोडलेलं असतं, ते चपटे डबे. या डब्यांत जन्मजात दोष होता. आतली एक चिप हळूहळू अशक्त होत जायची. वीज चालू असेपर्यंत डबा बिनबोभाट चालायचा, पण एकदा बंद केला की पुन्हा सुरू होईल याची खात्री नसायची. बनवणाऱ्यांनी हे मान्य करून तसं पत्रकही काढलं होतं, पण तोवर आमची वॉरंटी संपली होती.

मुरलीधर ढोले खापा गावचे. तिथे त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही दुरुस्त करून घेणारे लोक संपले, तेव्हा ते मोटरसायकलवर हत्यारांची पिशवी अडकवून हिंगण्याला येऊ लागले. आमच्या डब्यांवरचा उपाय त्यांनीच शोधला. अशक्त चिपच्या शेजारी मोहरीच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर सोल्डरिंगचा डाग देऊन बसवायचा. त्याचा टेकू मिळाला की चिप आणखी काही वर्षं काम करायची. भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून ते तो दाणा बसवत, मग डबा दहा वेळा बंद-चालू करून बघत, आणि झाकणावर पिवळी पट्टी चिकटवून तारीख घालत.

"किती वर्षं टिकेल, भाऊ?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"चार, पाच. जास्त सांगीन त खोटं होईन. हा इलाज नाही जी, मुदतवाढ हाये."

"मग नवीनच घ्यावेत का?"

"घ्या न. पण नवीन म्हणजे काय? ज्याचा रोग अजून कोणाले माहीत नाही ते. याचा रोग त मले तोंडपाठ हाये."

महिन्याला दोन-तीन असे करत त्यांनी चौदा स्विच दुरुस्त केले. बारा राहिले होते. उरलेल्या डब्यांकडे बोट दाखवून ते प्रत्येक खेपेला बजावायचे, "यायले हात लावू नका. मी येईस्तोवर बंद कराचं नाही. लाइट गेली तरी बॅटरीवर चालले पाहिजे." एकदा मी कंटाळून म्हणालो, "भाऊ, किती वेळा सांगाल?" तर हसून म्हणाले, "तुम्ही साहेब लोक न जी. तुमाले एकदा सांगून भागत नाही."

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं बंद ठेवून पूजा होते. चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही, वर्षातून एक दिवस त्यालाही विश्रांती द्यायची, अशी कामगारांची श्रद्धा. त्या सकाळी मी बाजारात झेंडूची फुलं घेत होतो. विजेच्या विभागातल्या सुपरवायझरचा फोन आला. "साहेब, नेटवर्कची कपाटं पण बंद करू काय? सगळ्यायची पूजा हाये, ते काहून राहाले पाहिजे?" गर्दी होती, फुलवाला घाई करत होता. मी म्हणालो, "करून टाका."

फोन ठेवल्यावर मला ढोलेभाऊंचं बजावणं आठवलं नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. आठवलं होतं. पण तोवर बंद केले असतील, आणि बहुतेक होतील सुरू, असं म्हणून मी फुलांची पिशवी उचलली.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या पाळीला नऊ स्विच उठले नाहीत. वजनकाटा थांबला, गेटबाहेर ट्रक उभे राहिले, पाळीवर आलेल्या कामगारांची हजेरी लागेना. ढोलेभाऊ आले तेव्हा डब्यांवर अजून हळद-कुंकू होतं. त्यांनी ओल्या फडक्याने ते पुसलं. मला एकच विचारलं, "कोणी सांगतलं बंद कराले?"

मी म्हणालो, "माहीत नाही. पूजेच्या गडबडीत झालं असेल."

ते कॅन्टीनच्या टेबलावर बसले आणि संध्याकाळपर्यंत नऊपैकी सहा त्यांनी उठवले. पिवळ्या पट्टीचे चौदाही सकाळीच पहिल्या झटक्यात सुरू झाले होते. ते तिकडे डाग देत होते तेव्हा मी माझ्या केबिनमध्ये प्लांट हेडसाठी अहवाल लिहीत होतो. बंद करण्याची परवानगी कोणी दिली, हे त्यात यायला नको होतं. मी लिहिलं : 'स्थानिक दुरुस्ती विश्वासार्ह न ठरल्याने यंत्रणा कोलमडली. सर्व स्विच बदलावेत.'

सगळे बदलले. चौदा चालू स्विचही भंगारात गेले. आमच्या खरेदी विभागाने तो अहवाल शेजारच्या कारखान्यांना सावधगिरी म्हणून पाठवला. महिन्याभरात ढोलेभाऊंना वसाहतीत कोणी गेटच्या आत घेईना.

ते मला भेटायला आले. पास रद्द झाला होता, म्हणून मीच गेटबाहेर गेलो. त्यांनी अहवालाची घडी केलेली प्रत खिशातून काढली, पण माझ्या हातात दिली नाही.

"बदलाचं होतं त बदला, साहेब. तेच बरोबर असन. मी कधी नाही म्हटलं काय? पण माह्यं काम खराब म्हणून नका बदलू." मग म्हणाले, "एक कागद द्या. दुरुस्त केलेले चौदा सुरू झाले, जे नाही झाले त्यायले माह्या हात लागला नव्हता, एवढंच लिहा. बाकी काही नको."

"देतो," मी म्हणालो. "दोन दिवसांत."

ते अनेकदा येऊन गेले. दोनदा मी मीटिंगमध्ये असल्याचा निरोप पाठवला. पुढे ते यायचे थांबले.

तो कागद मी लिहिला, पण तीन वर्षांनी, प्लांट हेड बदलून गेल्यावर आणि मीही ती नोकरी सोडल्यावर. म्हणजे त्याने माझं काही बिघडणार नव्हतं तेव्हा. परवानगी मी दिली होती, हेही त्यात लिहिलं. तो घेऊन खाप्याला गेलो. ढोलेभाऊ ओसरीत खुर्चीवर बसले होते. अर्धांगवायूने उजवा हात मांडीवर पडला होता. डाव्या हाताने कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी तो दोनदा वाचला.

"चांगलं लिहिलं जी."

"भाऊ, चुकलं माझं."

"हो," ते म्हणाले. "चुकलं."

त्यांनी कागद माझ्या पुढ्यात सरकवला. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "राहू द्या न जी घरात. चांगलं लिहिलं म्हणता न?"

"कायले वं? कोणाले दाखवू?" ते म्हणाले. "ज्यायले दाखवाचं होतं, त्यायनं दुसरा माणूस पाह्यला. अन् हा हात पाहा. आता कोणी बोलावलं त मीच जाऊ शकत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा घेऊन जा, साहेब. एवढ्या दुरून आले."

मी चहा घेतला. त्यानंतर त्यांनी कामाचा विषय काढला नाही. निघताना तो कागद मी परत खिशात घातला.

यंदा पावसाळ्यात ढोलेभाऊ गेले. वसाहतीतल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाचा फोन आला. "ते ढोले गेले म्हणते. ज्यायच्या रिपेअरिंगनं तुमचा कारखाना बंद पडलता, तेच न?"

"नाही हो, तसं झालं नव्हतं," मी म्हणालो. "बंद करायला मी सांगितलं होतं. त्यांचे चौदाच्या चौदा सुरू झाले होते."

"असन जी," तो म्हणाला. "जुनी गोष्ट झाली." आणि त्याने माझ्या मुलाच्या नोकरीचं विचारलं.