एक चौक अलीकडे

त्या मुलीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेत नाही, शाळेच्या एक चौक अलीकडे. मार्च महिना होता, आणि रायपूरच्या मार्चमध्ये सकाळी साडेसातलाच ऊन मानेवर बसतं. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी एक ऑटो थांबली आणि तिच्यातून ती उतरली. अंगात निळं स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं लावलेलं. आतल्या मुलांनी ओरडून तिचा निरोप घेतला, तिनेही हात हलवला. ऑटो वळून दिसेनाशी होईपर्यंत ती एका बंद दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. मग तिने स्वेटर काढलं, दप्तरात कोंबलं आणि पुरानी बस्तीतल्या आमच्या शाळेच्या गल्लीत शिरली. स्वेटरच्या आत आमच्याच शाळेचा गणवेश होता. सातवीत होती ती. मी तिला मराठी शिकवत होते.

मी या शहरात येऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. यवतमाळला आईचं दुखणं काढण्यात माझी बारा वर्षं गेली. आई गेल्यावर दादा-वहिनीच्या घरात मला कोणी जा म्हटलं नाही, पण माझ्यासाठी काही कामही उरलं नाही. ओळखीतून कळलं की रायपूरच्या एका जुन्या मराठी शाळेला मराठीची बाई हवी आहे. बेचाळिसाव्या वर्षी एक बॅग आणि एक गादी घेऊन मी आले. चौबे कॉलोनीत वरच्या मजल्यावर खोली मिळाली. जिना वेगळा. खालची मंडळी भली, मला ‘दीदी’ म्हणायची, सणाला वाटीभर काहीतरी पाठवायची. पण संध्याकाळी दार लोटलं की ते सकाळपर्यंत कोणी वाजवत नसे. कित्येक दिवशी माझं शेवटचं बोलणं भाजीवाल्याशी झालेलं असे, तेही हिंदीत.

शाळा म्हणजे पुढे जुनी दगडी इमारत आणि मागे पत्र्याचे तीन वर्ग. एके काळी मुलं मावत नव्हती म्हणून दोन पाळ्यांत भरायची, असं मोठ्या मॅडम सांगत. मोठ्या मॅडम म्हणजे मुख्याध्यापिका. त्या स्वतः याच शाळेत शिकलेल्या, त्यांचे वडीलही. माझ्या वेळी सगळे वर्ग मिळून साठ मुलंही नव्हती. मी मराठीत विचारायचे, मुलं हिंदीत उत्तर द्यायची. मोठ्या मॅडमना त्याचं काही वाटत नसे. बँकेत, दवाखान्यात, कुठेही त्या शाळेचं पूर्ण नाव ठणकावून सांगत.

मला तसं जमलं नाही. वहिनीने शाळेचा फोटो मागितला तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन, फक्त दगडी कमान येईल असा फोटो काढून पाठवला. ‘छानच आहे की! मोठी दिसते,’ असं तिचं उत्तर आलं. मी ‘हो’ लिहिलं.

स्वेटर पाहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच वेळी तिथे पोचले. ती दचकली.

“बरं नाही का तुला?”

“बरी आहे मॅडम.”

“मग हे स्वेटर काहून?”

माझ्या तोंडून घरचा ‘काहून’ निसटला तशी ती हसली. तिचे वडील रेल्वेत. वर्ध्याकडून वर्षाच्या मधेच त्यांची इकडे बदली झाली, तोवर इतर शाळांचे प्रवेश संपले होते. तिकडे ती मराठीतच शिकलेली, म्हणून आमच्याकडे घातली. घर लांब, तेलीबांध्याला. तिकडून येणाऱ्या ऑटोत बाकीची सगळी मुलं मोठ्या इंग्रजी शाळांतली.

“त्याइले मी दुसऱ्याच शाळेचं नाव सांगितलं,” ती म्हणाली. “हा ड्रेस पाह्यला का त्याइले समजून जाईन.”

“अगं पण मार्चमध्ये स्वेटर? विचारत नाहीत?”

“विचारते ना. मी म्हणते, मले थंडी बाधते.”

आम्ही गल्लीतून चालू लागलो. देवळापाशी तिने एकदम विचारलं, “तुम्हाले लाज नाही वाटत का मॅडम, आपल्या शाळेची?”

“नाही गं. लाज कशाची?” मी म्हटलं.

“मले वाटते,” ती म्हणाली. “घरी नका सांगू. बाबाले वाईट वाटन.”

मी सांगितलं नाही. खरं तर लाज वाटणारी मी एकटीच नाही हे कळून त्या सकाळी मला बरं वाटलं होतं, आणि ते बरं वाटणं मला आवडलं नव्हतं. पण पुढच्या दिवसापासून मी घरून पाच मिनिटं लवकर निघू लागले. ती स्वेटर काढेपर्यंत मी देवळापाशी थांबायचे आणि मग आम्ही दोघी शाळेपर्यंत जायचो.

ती आठवीत गेली त्या वर्षी दिवाळीनंतर शहरातल्या मराठी मुलांसाठी कथाकथनाची स्पर्धा होती. वर्गात जेमतेम सहा मुलं, त्यांतल्या पाच जणांनी मान हलवून नकार दिला. ती तयार झाली. महिनाभर शाळा सुटल्यावर आम्ही दोघी थांबायचो. मोठ्या मॅडमनी ऑटोवाल्या भैयाला फोन करून तिच्यासाठी वेगळी वेळ ठरवून दिली. त्या महिन्याइतकं मराठी मी रायपुरात आधी कधी बोलले नव्हते.

गोष्ट तिच्या वडिलांनी सांगितलेली होती. एका लहानशा स्टेशनवर रोज गाडीची वाट पाहणाऱ्या म्हशीची. मी ती पुस्तकी मराठीत लिहून दिली. तिने दोनदा वाचली आणि कागद परत केला.

“म्हैस अशी नाही बोलत मॅडम.”

मग तिने तिच्या बोलीत सांगितली. म्हैस स्टेशनमास्तरला म्हणते, “मी काही तुमच्या गाडीत बसून नाही राहिली, मले फक्त पाहू द्या.” मी पोट धरून हसले. आई गेल्यानंतर तशी हसले नव्हते.

एकदा डबा खाताना तिने विचारलं, “तुम्हाले इथं कोणीच नाही का?”

“नाही.”

“मग रविवारी काय करता?”

“कपडे धुते.”

ती हसली. मग माझ्याकडे पाहून थांबली, आणि आपल्या डब्यातली अर्धी पोळी तिने माझ्या झाकणात ठेवली.

स्पर्धेचा अर्ज तिने स्वतः भरला. मी सही करायला घेतला तेव्हा दिसलं, शाळेच्या नावाची ओळ कोरी होती. तिने मान वर केली नाही. मीही तशीच खाली सही केली.

सभागृह भरलेलं होतं. तिची गोष्ट लोकांनी उचलून धरली. म्हातारी माणसं डोळे पुसत हसत होती. वऱ्हाडी, नागपुरी कानावर पडून त्यांनाही वर्षं झाली असावीत. दुसरा नंबर आला. बक्षीस देताना निवेदकाने माईक तिच्यापुढे धरला.

“शाबास! आता सांग, कोणत्या शाळेची तू?”

ती गप्प. मला वाटलं घाबरली. मग तिची नजर कुठे आहे ते पाहिलं. चौथ्या रांगेत तिच्या ऑटोतली एक मुलगी आईबरोबर बसली होती आणि कान देऊन ऐकत होती.

“अरे, गोष्ट एवढी मोठी सांगितली आणि शाळा विसरली?” निवेदक म्हणाला. लोक हसले. तिने माझ्याकडे पाहिलं. निवेदकानेही तिच्या नजरेमागून माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही सांगा.”

मी उठून उभी राहिले. शाळेचं नाव माझ्या तोंडाशी होतं. एका वाक्याचं काम. तिच्यासाठी थांबले, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण माझ्या शेजारी एका नावाजलेल्या शाळेच्या बाई बसल्या होत्या, सकाळपासून त्यांनी दोनदा विचारलं होतं आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला होता. तेही खरंच आहे.

“माझी विद्यार्थिनी आहे,” मी म्हटलं.

“वा! शाळेपेक्षा बाईंचा मान मोठा!” निवेदक म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले तेव्हा माझे कान तापले होते.

सोमवारी आम्ही प्रमाणपत्र घेऊन मोठ्या मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून वाचलं. मग चष्मा पुढे ओढून पुन्हा वाचलं.

“इथे शाळेचं नाव काहून नाही?”

“राहिलं असेल त्यांच्याकडून,” मी म्हणाले.

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मोठ्या मॅडमनी टेबलाच्या खणातून शाईचं पेन काढलं, आधी एका रद्दी कागदावर चालवून पाहिलं आणि त्या कोऱ्या ओळीवर शाळेचं नाव लिहायला बसल्या. नाव लांबलचक. ओळीत मावेना, तेव्हा शेवटची अक्षरं बारीक करून वरच्या बाजूला वळवली. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिल्या.

“असे धांदरट असतात हे लोक,” त्या म्हणाल्या. “आता ठीक दिसते. बारा-पंधरा वर्षांनी बक्षीस आलं हो आपल्याला.” आणि त्यांनी तिला जवळ घेतलं.

बाहेर आल्यावर आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. वर्गापर्यंतचा व्हरांडा तसा लहान आहे, पण त्या दिवशी संपेना. त्यानंतर ती शाळा सुटल्यावर थांबेनाशी झाली. सकाळी देवळापाशी मी उभी असले की ती पुढे होऊन भराभर चालायची. रागावलेली नव्हती. मोठ्या मॅडमच्या खोलीत आम्ही दोघींनी मिळून जे केलं होतं, ते मला पाहिलं की तिला आठवत असावं. मलाही तिला पाहिलं की तेच आठवायचं. मी तिला कधीतरी बसवून, चुकलं आपलं, असं म्हणायला हवं होतं. मी मोठी होते. पण म्हणाले नाही. परीक्षा आली, उन्हाळा आला.

आमच्याकडे आठवीपर्यंतच वर्ग, त्यामुळे ती जाणारच होती. एप्रिलमध्ये वडील दाखला न्यायला आले. उंच, सावळे, अवघडून बसणारे गृहस्थ.

“घरी सारखं तुमचंच नाव असते मॅडम,” ते म्हणाले. “मले तर वाटलं होतं पोट्टीचं इथं मन नाही लागणार.”

ती माझ्या पाया पडली. “येत जाईन मॅडम मी.”

“नक्की येशील?”

“हव,” ती म्हणाली.

तिच्याकडे माझा नंबर होता. जूनमध्ये दर रविवारी मी कपडे सकाळीच उरकून ठेवायचे, दुपारी कोणी आलंच तर पसारा नको म्हणून. एकदा चिवडाही केला. जुलै लागल्यावर ते बंद केलं.

त्यानंतर तिला पाहिलं ते सप्टेंबरात. चष्मा तयार झाल्याचा फोन आला होता. दुकान तेलीबांध्याला. नुकतीच सर येऊन गेलेली, उजेड छान होता, म्हणून जाता जाता तळ्याच्या काठाने चालत निघाले. समोरून तीन मुली येत होत्या, टाय लावलेल्या, हातात भाजलेले भुट्टे. मधली ती होती. उंच झाली होती. केस वेगळे बांधले होते.

तिने मला ओळखलेलं मला कळलं. तिला अवघड जाऊ नये म्हणून मी तळ्याकडे तोंड केलं आणि कठड्याला टेकून उभी राहिले. त्या पुढे निघून जातील असं वाटलं. पावलं माझ्या मागे थांबली.

“नमस्ते,” ती हिंदीच्या सुरात म्हणाली.

मी वळले. “नमस्ते बेटा.”

“कौन हैं?” एका मैत्रिणीने हळूच विचारलं.

“हमारे पारे में रहती हैं. आंटी हैं.”

मी राहते चौबे कॉलोनीत, तिच्या पाऱ्यापासून, म्हणजे मोहल्ल्यापासून, कितीतरी लांब. ते तिला माहीत होतं. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. तिच्या हनुवटीला भुट्ट्याचं तिखट लागलं होतं. शाळेत असते तर मी सहज पुसलं असतं.

“हां,” मी म्हटलं. “घर में सबको नमस्ते बोलना.”

“जी आंटी.”

त्या पुढे गेल्या. थोड्या अंतरावर तिघी कशावर तरी हसल्या. माझ्यावर नव्हे, हे मला माहीत होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मला राग आला नाही. ती न थांबताही जाऊ शकली असती. मी बाकावर बसले. बाक ओला होता, साडी भिजली. समोरून माणसं फेऱ्या मारत होती, कोणी फोनवर, कोणी कुत्र्याला घेऊन, आणि त्यांच्यातलं कोणी मला ओळखत नव्हतं. जे झालं ते कोणालातरी सांगावंसं फार वाटलं. तिला ‘आंटी’ म्हणताना कसं झालं असेल, माझं तोंड कसं झालं होतं, आणि शेवटी आम्ही दोघी किती सराईतपणे खोटं बोललो. हे सगळं न समजावता समजेल असं या शहरात एकच माणूस होतं, आणि ते आत्ताच भुट्टा खात पुढे निघून गेलं होतं.

थोड्या वेळाने पदर झटकला आणि दुकान बंद व्हायच्या आत पोचावं म्हणून उठले.