घड्याळकाकांचा चेहरा

आपलं तोंड बघायला कुणी आलेलं नाही, असं घड्याळकाकांचं ठाम मत होतं. चाळीस वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त करण्यात गेली. एवढ्या काळात गिऱ्हाइकांना त्यांचं टक्कल तेवढं पाठ झालं, कारण बाकीचा माणूस कायम टेबलावर वाकलेला. म्हणून पुतणीने त्यांचा ऑनलाइन वर्ग सुरू करून दिला, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. कॅमेरा वर टांगायचा, हात आणि घड्याळ दिसलं की पुरे.

हात बाकी बघत राहावे असे होते. तरी वर्गाला गळती लागली. चौथ्या पाठात केसासारख्या स्प्रिंगवर डोलणारं चाक चिमट्याने उचलून जागेवर ठेवायचं असतं. ते बसलं की घड्याळ चालू. पण ते कुणाचंच बसेना. कुणाचा हात थरथरे, कुणाचं चाक उडून थेट कपाटाखाली जाई. एकेचाळीस जणांतले अकरा उरले. काकांना हे फार लागलं. दोन्ही मुलं आपापल्या नोकऱ्यांत रमलेली, दुकानात शिकायला वीस वर्षांत कुणी फिरकलेलं नाही. हे अकराही गेले की हातातली कला आपल्याबरोबरच संपणार, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

"काका, तुम्ही समोर दिसायला हवं," पुतणी म्हणाली. "नुसत्या हातांशी माणसं किती दिवस बोलणार?"

"घड्याळ शिकायला आलेत की स्थळ बघायला?"

"अहो, ती म्हणते तसं एकदा करून तर बघा," काकू आतून म्हणाल्या. "नाहीतरी तीस वर्षं मी बघतेच आहे, मला काही झालेलं नाही."

काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पहिली पाच मिनिटं पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे ताठ होते. मग डोळ्याला भिंग लागलं, चिमटा हातात आला आणि समोरचा कॅमेरा ते साफ विसरले.

नंतर रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी स्वतःला पाहिलं आणि ते हादरलेच. चाक उचलताना त्यांचे गाल टम्म फुगले होते, जिभेचं टोक बाहेर आलं होतं आणि मोकळा डोळा गच्च मिटला होता.

"हे आत्ताच्या आत्ता काढून टाक. शोभा होईल माझी."

"चाक ठेवताना हे असंच करतात," काकू शांतपणे म्हणाल्या. "तेवढा वेळ श्वास घेत नाहीत. म्हणून तर मी तेव्हा काही विचारायला जात नाही."

आपण श्वास रोखतो हे काकांना ठाऊकच नव्हतं, मग ते शिकवणार कुठून? पुतणीने तेवढ्यात संधी साधली आणि पाठ होता तसा वर्गाला पाठवून दिला.

काका दोन दिवस फोनकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुतणीनेच फोन त्यांच्यासमोर धरला. अकरांपैकी एक निवृत्त नर्सबाई होत्या, चारदा चाक उडवलेल्या. त्यांनी आपल्या कामाचा व्हिडिओ पाठवला होता. त्यात हात नव्हते, घड्याळही नव्हतं, नुसता चेहरा होता. गाल टम्म, जीभ बाहेर, एक डोळा गच्च मिटलेला. बराच वेळ काहीच हललं नाही. मग बाईंनी मोठ्ठा श्वास सोडला, खुदकन हसल्या आणि घड्याळ उचलून फोनपाशी धरलं. टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती.

काकांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. चौथ्यांदा लावला तेव्हा त्यांना नीट दिसेना, म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांची दोन्ही पोरं आईवर गेली होती. आपल्यावर गेलेलं माणूस ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.