मेल्लगेची जागा

मनोहररावांच्या पणजोबांनी म्हैसूरच्या घोडदळात चाकरी केली, आजोबांनी बिगूल फुंकला आणि स्वतः त्यांनी म्हैसूरच्याच एका बँडात एकतीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. मग पुढचे दात गेले. कवळीवर फुंक टिकेना. बँडशी नातं उरलं ते कागदापुरतं: वादकांसाठी स्वरलिपीची कार्डं तयार करून द्यायची. आधी टाकानं लिहायचे, आता संगणकावर. हेही गेलं तर सकाळी उठून दाढी कुणासाठी करायची, हा प्रश्न त्यांना रोज आरशात दिसायचा.

मंगळवारच्या तालमीत तो प्रश्न पुढ्यात येऊन बसला. नव्या चालीत एका जागी ‘मेल्लगे’, म्हणजे हळू आवाजात, असं कन्नडमध्ये लिहिलेलं होतं. पण शब्द दोन ओळींच्या बरोबर मध्ये लोंबकळत होता. निम्म्या वादकांनी तो वरच्या ओळीचा धरला, निम्म्यांनी खालच्या. अर्धा बँड कुजबुजला, अर्धा गरजला. बँडमास्तर उदय कधीकाळी मनोहररावांच्याच शेजारी बसून शिकलेला. त्यानं सगळ्यांदेखत कार्डं तेवढी गोळा केली. नंतर बाजूला घेऊन त्यानं सांगितलं, की शुक्रवारी पुन्हा असं झालं तर हे काम बेंगळुरूला द्यावं लागेल.

दोन दिवस मनोहरराव माउसनं सगळ्या कार्डांवरच्या अशा सूचनांचा एकेक शब्द ओढून जागेवर बसवत होते. एकशे चाळीस शब्द. गुरुवारी दुपारी सगळे बसले. मग त्यांनी कागदाचा आकार कार्डाएवढा केला आणि शब्द वाट फुटेल तिकडे पळाले. काही सुरांवर चढले, काही कडेबाहेर गेले. मनोहरराव पुन्हा पहिल्या शब्दापासून ओढायला लागले.

सून विद्याश्री शहराबाहेर बेळगोळच्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं करते. चारला घरी आली, चहाचं आधण ठेवलं आणि पडद्यावर नजर टाकली.

“एकेकाला कशाला ओढत बसलात, मामंजी? हातानं हलवलेला शब्द तिथंच अडकून बसतो. सगळ्यांना एकदाच सांगायचं, अष्टे, बस्स.”

तिनं एका ‘मेल्लगे’वर क्लिक केलं, तसल्या सगळ्या सूचना निवडल्या, हातानं केलेले बदल पुसले आणि ओळीपासूनचं अंतर एका चौकटीत भरलं. एकशे चाळीस शब्द एकदम रांगेत आले. मनोहररावांना कवायतीचं मैदान आठवलं. ‘दहिने सज’ म्हटलं की कुणी कुणाला ओढत नसे. जो तो मान वळवून शेजाऱ्याकडे बघे आणि रांग लागे. अख्खं आयुष्य रांगेत काढून हे आपल्याला सुचू नये, याची त्यांना लाज वाटली.

पण शब्द ओळींच्या खाली लागले होते. वर घे, ते म्हणाले. खालीच नेटके दिसतात, प्रोग्रामही आपण होऊन खालीच ठेवतो, असं तिचं म्हणणं.

“तुझ्या प्रोग्रामला चिमटा ठाऊक नाही.”

चालता चालता वाजवणारा वादक कार्ड वाद्यावरच्या चिमट्यात खोचतो. चिमटा कार्डाची खालची कड गिळतो. शेवटच्या ओळीखालचं काही दिसत नाही. विद्याश्रीनं ऐकून घेतलं आणि माउस त्यांच्या हाती दिला. ‘वर’ त्यांनीच निवडलं. मग जीव मुठीत धरून कागदाचा आकार बदलला. मोठा केला, लहान केला. शब्द आपापली ओळ सोडेनात. त्यांनी उगाचच पुन्हा एकदा करून पाहिलं.

“पुरे आता,” ती म्हणाली. “चहा निवतोय.”

शुक्रवारी सकाळी ते मैदानाच्या कडेला उभे राहिले. बँड चालत येत होता. ती जागा जवळ आली तशी त्यांची बोटं नसलेल्या क्लॅरिनेटवर मिटली. आणि तीस वाद्यं एकदम हळू झाली, इतकी की बुटांचा आवाज वर आला.

तालीम संपल्यावर उदयनं पुढच्या चालीचा जाड लिफाफा आपल्या जुन्या गुरूंपुढे धरला. “गुरुगळे, सोमवारपर्यंत?”

त्यांनी लिफाफा काखेत मारला.

“रविवारीच घेऊन जा.”