नावेला बॉडी नसते

मला पोहता येत नाही. अंबाझरी तलावावर घरच्यांसोबत गेलो तरी मी कठड्यापासून चार हात लांब बसतो आणि बायको त्यावरून मला हसते. धाकट्या भावानं नावेच्या वायरिंगचं काम आणलं, तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण गेली तीस वर्षं हिंगण्याच्या रस्त्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. कंपन्यांच्या बसगाड्या, ट्रॅक्टर, मोटरसायकली, सगळं हाताखालून गेलेलं. वायर ती वायर, पाण्यावर काय आणि रस्त्यावर काय, असा माझा तोरा होता.

भाऊ कन्हान नदीच्या पलीकडे एका धरणावर नाव चालवतो. धरणात गाळ किती साचला ते मोजायला एक इंजिनिअर मॅडम येतात, त्यांना घेऊन तो फिरतो. नावेवर पाण्याची खोली सांगणारं मीटर आहे. बुडाशी सेन्सर, तिथून निघालेली केबल, आणि पुढे आकडा दाखवणारा छोटा पडदा. जुन्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. शिवाय स्टिअरिंग पुढे सरकवलं होतं, त्यामुळे मीटरची केबल दोन हात तोकडी पडत होती. जोडायची तयार केबल मुंबईहून यायला आठ दिवस लागणार होते. "आठ दिवस कायले पाहिजे? मी एका दिवसात करून देतो," मी म्हणालो.

केबल कापून सोलली तेव्हा आतल्या तारांभोवती बारीक तांब्याची जाळी निघाली. ही अर्थिंगची, एवढं मला कळलं. आता गाडीत अर्थिंगसाठी कोणी वेगळी वायर लांबवर ओढत नाही. लोखंडी बॉडी हेच अर्थिंग. हॉर्न असो की दिवा, एक टोक बॉडीला कसलं की झालं. हाताला तीच सवय. मी जाळी कापून टाकली, आतल्या तारा वाढवल्या, सोल्डरचा डाग दिला, टेप मारली. मग इंजिनाच्या वायरी, दिव्यांच्या वायरी आणि ही केबल यांची मिळून एक सुरेख वेणी घातली. आमच्या धंद्यात वेणी पाहून मिस्त्री ओळखतात. मीटरसोबत आलेलं पुस्तक मी उघडलंच नाही.

काठाशीच मीटर चालू करून पाहिलं. पडद्यावर आलं एक पूर्णांक चार मीटर. भावानं बांबू टाकून मोजलं, तेवढंच भरलं. तो इतका खूश झाला की मॅडमना म्हणाला, "माह्या भावाच्या हातचं काम हाय मॅडम. डोये मिटून बसा." इंजिन चालू करून पाहायचं मात्र कोणाला सुचलं नाही. सुचायला हवं होतं ते मलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला आग्रहानं नावेत बसवलं. लाईफ जाकिटं दोनच होती. एक मॅडमनी घातलं, दुसरं त्यानं स्वतःच्या अंगातलं काढून मला चढवलं. मे महिना होता, पाणी पार उतरलेलं. धरण झालं तेव्हा बुडालेल्या जंगलातली सागाची खोडं तिथे अजून उभी आहेत. पावसाळ्यात ती खोल असतात, उन्हाळ्यात मात्र पाण्याच्या जेमतेम खाली येतात. मीटर दोनच्या खाली आलं की भाऊ वेग कमी करतो. त्याचा सगळा भरवसा त्या आकड्यावर. मी पडद्यासमोर होतो, म्हणून मॅडम म्हणाल्या, "दादा, मी विचारीन तेव्हा आकडा सांगा. मी लिहून घेते."

भावानं बांबूनं लोटून नाव खोल पाण्यात नेली. पहिला आकडा मी सांगितला, सहा पूर्णांक दोन. मग त्यानं इंजिन चालू केलं. थोड्या वेळानं मॅडमनी पुन्हा विचारलं. सहा पूर्णांक दोन. तळ काय गच्चीसारखा सपाट असतो? मी बोटांनी नावेच्या कडेवर टकटक केलं. फायबर. लोखंडाचा पत्ता नाही. नावेला बॉडीच नव्हती. विजेचा गोंगाट अडवणारी जाळी कापून मी त्या केबलीला उघडं पाडलं होतं आणि वर इंजिनाच्या वायरींसोबत वेणीत बांधलं होतं. इंजिनाचा सगळा गोंगाट त्या केबलीत शिरत होता आणि मीटर मुकाट जुनाच आकडा धरून बसलं होतं.

"भाऊ, बराबर चालून राहिलं ना?" धाकट्यानं मागं न पाहता विचारलं.

"चालून राहिलं," मी म्हणालो.

असं का म्हणालो, ते अजूनही मला धड सांगता येत नाही. भीती होती, पण ती फक्त बुडण्याची नव्हती. मॅडमसमोर तो माझी एवढी तारीफ करून बसला होता. वाटलं, आता आकडा हलेल. निदान वळण घेताना हलेल. मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं. दर वेळी मी सहा पूर्णांक दोन म्हणालो आणि दर वेळी माझा आवाज बारीक होत गेला. भाऊ उभा राहून नाव चालवत होता, अंगात नुसता शर्ट. खोडाला धडकलो तर सगळ्यात आधी तोच फेकला जाणार, हे मला समोर दिसत होतं. पाचव्यांदाही मी तोच आकडा सांगितला. मग पुढच्या पाण्याचा रंग मातकट दिसला आणि माझ्या तोंडून निघालं, "बंद कर. इंजिन बंद कर."

"काहून?"

"मीटर खोटं बोलून राहिलं."

त्यानं इंजिन बंद केलं. गोंगाट थांबताच पडद्यावरचा आकडा धाडकन खाली आला, शून्य पूर्णांक आठ. नाव तशीच पुढे घसरत गेली. डाव्या बाजूनं, हात लावता येईल इतक्या जवळून, पाण्याखाली एक काळं खोड सरकत गेलं. भावानं बांबू उचलला आणि नाव हळूहळू मागे ढकलायला लागला.

मॅडमनी वही गुडघ्यावर घेतली. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना फक्त नोंद नीट हवी होती. "दादा, यातले कुठपासूनचे आकडे खोडू?"

भाऊ ऐकत होता. शेवटचा एक, असं म्हणता आलं असतं, आणि त्याला ते पटलंही असतं. मी म्हणालो, "पहिला सोडून सगळे."

मॅडम एकेका ओळीवर रेघ मारत गेल्या. भावाचा बांबू थांबला. त्याची नजर वहीवर होती. चार रेघा झाल्या तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि परत बांबू पाण्यात घातला.

काठापर्यंत यायला दीड तास लागला. दर दहा हातांवर बांबू टाकून तो पाणी मोजत होता. मीटर पूर्ण वेळ माझ्यासमोर चालू होतं, इंजिन बंद असल्यानं अगदी बरोबर चालू होतं. त्यानं मला एकदाही आकडा विचारला नाही.