सातवं ताट

मी हॉटेलात जेवले आणि माझं ताट मीच घासलं. हसा. मीही हसते. तेव्हाची मी म्हणजे चाळिशीची, अंगापिंडाने दणकट, डोक्यात मात्र नुसता भुसा.

लेक दहावी पास झाली होती. आमच्या वाडीतून एवढी शिकलेली ती पहिलीच. कुडपणहून एसटीने महाडला उतरलो, कॉलेजात नाव घातलं. म्हटलं, आज पोरीला हॉटेलात जेवू घालते.

पंख्याखाली बसलो. तेवढ्यात गडावरून आलेली मुंबईची मंडळी शिरली, तसा हॉटेलचा शेठ आला. "उठा, तिकडे बसा." तिकडे म्हणजे हात धुवायच्या बेसिनला लागून. लोकांच्या चुळा आमच्या पाठीवर उडत होत्या. मंडळींची सुरमई आली, संपली. मग आमच्यापुढे गार भाकऱ्या नि आमटी. भात मागितला. कुणी ऐकलंच नाही.

जेवले, ताट उचललं आणि सरळ मागे मोरीवर गेले. गावात मोठ्या घरच्या कार्याला आम्ही शेवटच्या पंगतीला बसायचं नि आपलं ताट आपण धुवायचं. ती खोड हाडात मुरलेली.

शेठने पाहिलं. मी गिऱ्हाईक आहे, हे त्याला पक्कं ठाऊक. तरी म्हणाला, "बसलीच आहेस तर ती पण घासून टाक."

ती म्हणजे त्या मंडळींची ताटं. माशाचे काटे, उष्टा भात. मला न मिळालेला.

आणि मी घासली! पदर खोचून, शेठकडे बघून दात काढत. केवढा मान दिला होता ना मला!

सातवं ताट हातात होतं. वर पाहिलं तर दारात लेक. रडत नव्हती. नुसती बघत होती.

ताट तसंच साबणात सोडलं. उठले. "उरलेली तुमची तुम्ही घासा." आवाज फाटला माझा.

"दोन ताटं घासून झिजलीस काय गं?" शेठ म्हणाला. मंडळी हसली.

त्यानंतर मी कुणाच्या शेवटच्या पंगतीला बसले नाही. मोठ्या घरून बोलावणी आली, गेले नाही. नवरा चिडला, गाव बोललं. बोलू दे. मरेपर्यंत बसणार नाही.

पण त्या दिवशी परतीच्या एसटीत, पोलादपूर आल्यावर मीच म्हटलं, "अगो, दिलं ना त्याला चोख?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आये, भांडी घासलीस त्याचं काय नाय. तू हसत होतीस गो."